हुंकारा

इंदिरानगरच्या सोसायटीत कोणी विचारलं की सुनील सांगायचा, आम्ही मूळचे दिंडोरीकडचे. हे अगदीच खोटं नव्हतं. त्याच्या गावाची एसटी दिंडोरीवरूनच जायची; पण पुढे वणी ओलांडून ती पार सुरगाण्याच्या डोंगरात शिरायची, एवढं तो सांगत नसे. दारावरच्या पाटीवर आडनाव नव्हतं, नुसतं ‘सुनील - ललिता’. असं आधुनिक दिसतं, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको ललिता ती पाटी पुसायची तेव्हा तिचा हात जरा जोरात चालायचा.

विमा कंपनीत हुद्द्याची नोकरी होती, घरात संगणक होता, आणि बोलणं असं की पुण्याच्या माणसानंही कान द्यावा. माणसानं वर यावं, त्यात वाईट काही नाही. पण वर आल्यावर शिडीची लाज वाटायला लागली की पंचाईत होते.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात त्याचा बाप झिपरू मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशकात आला. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळे समोरचा माणूस त्याला सावलीएवढाच दिसायचा. सुनीलनं त्याला नवा पायजमा-सदरा आणला. प्रेमानं नव्हे, गुडघ्यावर धोतर नेसलेला म्हातारा बाल्कनीत दिसू नये म्हणून. हे सुनीलला स्वतःलाही ठाऊक होतं, त्यामुळे सदऱ्याची बटणं लावून देताना तो बापाच्या तोंडाकडे बघत नव्हता.

झिपरूचं मात्र एकच मागणं होतं.

“एक डाव माझ्यासंगं बस, सुनील. कथा पुरी ऐक. हुंकारा दे. मंग मी मोकळा.”

झिपरू त्यांच्या पाड्यावरचा कथा सांगणारा होता. सुगी झाली की, किंवा कुणाच्या घरी माणूस गेलं की, दाण्याच्या आईची, म्हणजे धान्यदेवीची, कथा सांगायला त्याला बोलावणं यायचं. तिची रीत अशी, की सांगणाऱ्यानं एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. समोरच्यानं ‘हां’ म्हणायचं. मगच पुढची ओळ. हुंकारा आला नाही तर कथा तिथंच उभी. आणि जो अखेरपर्यंत हुंकारा देईल त्याची ती कथा झाली, तो सांगणाऱ्याचा पोरगा झाला, मग रक्ताचा असो नसो. झिपरूला कथा मिळाली ती पुंजा नावाच्या एका एकट्या म्हाताऱ्याकडून. पुंजा मरेपर्यंत झिपरू त्याला बा म्हणत आला.

सुनील कॉलेजात गेल्यापासून हे टाळत होता. आज परीक्षा, उद्या ऑफिस, परवा आणखी काही. पण आता बाप घरातच होता आणि रोज विचारत होता. तेव्हा सुनीलच्या डोक्यात एक नामी युक्ती आली. कथा संगणकावर रेकॉर्ड करून टाकावी. कथाही राहील आणि ‘हां हां’ करत बसायची पाळीही येणार नाही. भिंती पातळ होत्या. शेजारी ऐकू गेलं असतं.

पहिल्यांदा त्यानं संगणकात असलेलाच साउंड रेकॉर्डर लावून पाहिला. तो मिनिटभरात गपकन थांबायचा. कथेतली दाण्याची आई तेवढ्या वेळात घराचा उंबरासुद्धा ओलांडत नसे. मग त्यानं खालच्या मजल्यावरच्या गौरांगला गाठलं. गौरांग पंचवटीतल्या उपाध्यांच्या घरातला, नोकरी बँकेत. भावगीतं गायचा आणि घरच्या घरी रेकॉर्ड करायचा. सुनीलनं त्याला काम ऑफिसचं आहे म्हणून सांगितलं.

गौरांगनं दिलेल्या सीडीवरचं सॉफ्टवेअर भलतंच भारी निघालं. वैमानिकाच्या पुढ्यात असावीत तेवढी बटणं, आणि ते सुरू केलं की सुनीलचा संगणक मान टाकायचा. शेवटी गौरांगनंच सुचवलं, “अहो, इंटरनेटवर एक फुकटचं आहे, ते घ्या. हलकं आहे. आवाजाची रेघ पडद्यावर दिसते. नको असलेला आवाज काढूनही टाकता येतो. सुरुवातीला थोडा वेळ कोणी बोलायचं नाही. तेवढा कोरा भाग निवडायचा, म्हणजे खोलीचा गुणगुणाट सॉफ्टवेअरला कळतो आणि मग ते तो सगळीकडून पुसतं. फक्त एक करा, बोलणाऱ्याशिवाय कोणी ब्र काढायचा नाही. मध्ये कोणी हं-हूं केलं की सगळं फुकट.”

सुनीलला हेच हवं होतं.

रविवारी दुपारी ललिता बहिणीकडे गेली होती. सुनीलनं खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत चादर सारली आणि बापाला माइकसमोर खुर्चीत बसवलं.

“बा, मी हुंकारा नाही देणार. मशीन बिघडतं. मी नुसती मान हलवेन, मग तू पुढचं सांग.”

झिपरूनं पट्टीचा डोळा त्याच्याकडे वळवला. “मान मला कशी दिसल, पोसा?” पोसा म्हणजे पोरगा. मग थोडं थांबून, “हुंकारा नाय, तर कथा कुनाला जाईल?”

“संगणकाला.”

सुनीलला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत. पण वाटलेली लाज गिळून टाकायची त्याला सवय झाली होती. त्यानं बटण दाबलं, थोडा वेळ कोरा जाऊ दिला आणि बापाच्या गुडघ्याला हात लावला.

“निघाली दाण्याची माय,” झिपरू म्हणाला, आणि थांबला.

सुनीलनं मान हलवली.

म्हातारा थांबलेलाच होता. ओठ उघडे, मान किंचित पुढे. पडद्यावरची रेघ सपाट सरकत होती. संगणकाच्या पंख्याची घरघर तेवढी होती. बरंच थांबून झिपरूनं पुढची ओळ म्हटली, तीही अडखळत. पुन्हा तेच. एक ‘हां’, एवढंच तर. जिभेवर आलेलं होतं. खालच्या जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि त्यानं ते परत आत ढकललं.

त्यानंतरच्या ओळीला झिपरू फारसा थांबला नाही. त्यापुढच्या ओळीला तर एक श्वास घेतला आणि कथा चालू लागली. त्याचा आवाज मोकळा झाला, हात हलायला लागले, कपाळावरची आठी गेली. म्हाताऱ्याला युक्ती जमली एकदाची, असं सुनीलला वाटलं. फक्त बाप त्याच्याकडे बघत नव्हता. तो सुनीलच्या उजवीकडे, कपाटाजवळच्या मोकळ्या फरशीकडे तोंड करून सांगत होता.

दिवेलागणीला कथा संपली. झिपरूनं हात जोडले आणि तृप्त माणसासारखा खुर्चीतच डोळे मिटून पडून राहिला.

सुनीलनं कानाला हेडफोन लावला. पडद्यावर बापाच्या ओळींचे डोंगर दिसत होते आणि दोन डोंगरांमधल्या सपाटीवर, पहिल्या दोन जागा सोडल्या तर प्रत्येक ठिकाणी, एक लहानसं टेंगूळ होतं. त्यानं ऐकलं.

“हां.”

शांत, हळू आवाज. पुढच्या ओळीनंतर पुन्हा. “हां.”

सुनील हिशेबी माणूस. आपणच नकळत बोललो असू, पहिलं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, बापाचाच श्वास असेल, किंवा केबलचा दोष. त्यानं गौरांगनं सांगितलं तसं सुरुवातीचा कोरा भाग निवडला आणि सॉफ्टवेअरला तो आवाज पुसायला सांगितलं. पडद्यावरची कामाची पट्टी भरत गेली. पुन्हा ऐकलं, तर पंख्याची घरघर गेली होती, आणि बापाचा आवाज विहिरीतून यावा तसा बारीक झाला होता. ‘हां’ मात्र स्वच्छ, कानाशी बसून म्हटल्यासारखा आला.

त्यानं ते पुसणं रद्द केलं आणि एकेक टेंगूळ हातानं कापायला घेतलं. ‘हां’ कापला की त्याच्याआधीची ओळही पुसली जायची. गौरांगच्या भारी सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून पाहिली, मिनिटभराचा तुकडा करून साउंड रेकॉर्डरवरही वाजवली. सॉफ्टवेअर बदललं की दोष जाईल, एवढी एकच आशा होती. प्रत्येकात आवाज तोच होता.

आणि तो त्याच्या ओळखीचा होता. सुनीलचाच तो, पण आताचा नव्हे. वसतिगृहातल्या पोरांनी त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसायला सुरुवात केली त्याच्या आधीचा, पाड्यावरचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौरांग वर आला. “झालं का काम? बघू तरी!” म्हणत त्यानं सुनील नको म्हणेपर्यंत माउस हातात घेतला होता. स्पीकरमधून झिपरूचा आवाज खोलीभर घुमला. झिपरू आतल्या दारात, चौकटीला धरून उभा होता.

“अरे वा, काय आवाज आहे!” गौरांग खरोखरच भारावला होता. त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. “हेच का? कोण हे, सुनीलराव?”

खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

“आमच्या गावाकडचे आहेत,” सुनील म्हणाला. “ऑपरेशनला आलेत.”

“आणि तो मधून मधून हां म्हणणारा? तुम्ही नाही ना?”

“छे, मी कशाला?”

“मग?”

“तो… त्यांचा मुलगा.”

चौकटीवरचा हात खाली आला. झिपरूनं सावकाश मान डोलावली, एखादी गोष्ट पक्की झाल्यासारखी.

गौरांग गेल्यावर सुनील आत गेला. तोंड वर करायची छाती होईना. “बा, तसं नव्हतं म्हणायचं मला. माझ्या तोंडून निघून गेलं.”

“असू द्या, साहेब,” झिपरू म्हणाला.

टोमणा असता तर सुनीलला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. परक्या घरात राहिलेला माणूस बोलतो तितकं ते साधं आणि आदराचं होतं.

“बा, मी सुनील.”

“हां, तुमचं लय उपकार. आता माझा पोसा आला आहा. तो नेल मला.”

त्या रात्री सुनील जेवला नाही. ललितानं विचारलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती नुसती उठून भांडी घासायला गेली, आणि ते त्याला जास्त लागलं. सकाळी बापाजवळ बसून, हवा तेवढा वेळ बसून, हुंकारा द्यायचा असं त्यानं ठरवलं. सकाळी बाप झोपलेला होता. मग ऑफिसची वेळ झाली.

दुपारी ललिताचा फोन आला.

“बाबांना घेऊन कुठे गेलात? औषधं इथंच राहिलीत.”

“मी? मी ऑफिसात आहे.”

“खालून हाक मारलीत ना तुम्ही, ‘चल बा’ म्हणून? मी ओट्याशी होते. बाबा लगेच उतरले. मला वाटलं, दवाखान्यात…” तिचा आवाज बारीक झाला. “तुमचाच आवाज होता हो.”

बापाचं ‘तो नेल मला’ आठवून सुनील रिक्षानं सीबीएसच्या एसटी स्टँडवर पोचला. सुरगाण्याची गाडी लागली होती. माणसं दाटीवाटीनं उभी होती, आणि मधल्या खिडकीशी झिपरू बसला होता, स्वतःचं जुनं धोतर नेसून. शेजारची जागा रिकामी होती. इतकी गर्दी असून तिथं कोणी बसत नव्हतं. बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, पण त्या जागेकडे बघून पुढे सरकत होत्या.

सुनील रेटारेटी करत आत शिरला आणि त्या जागेवर बसायला वाकला.

“अहो, अहो!” मागून कंडक्टर ओरडला. “माणसाच्या अंगावर बसता का? उतरा, तिकीट नसेल तर.”

गाडी सुरू झाली. लोकांनी त्याला दाराकडे ढकललं. तो फलाटावर उतरला आणि खिडकीखाली धावत आला. काच उघडी होती. झिपरू कथा सांगत होता.

“निघाली दाण्याची माय,” तो म्हणाला, आणि थांबला.

“हां!” सुनील ओरडला. भर स्टँडवर, सगळ्यांदेखत, पाड्यावरच्या आवाजात. माणसं वळून बघायला लागली. त्याला कसलीही लाज उरली नव्हती. “हां, बा! हां!”

झिपरूच्या कपाळाला आठी पडली, एकाच वेळी दोघांनी हुंकारा दिल्यासारखी. तो रिकाम्या जागेकडे वळला.

“कोन रं तो?”

त्यानं उत्तर नीट ऐकून घेतलं. मग हात लांब करून खिडकीची काच ओढून घेतली.