परतीचा सर

"तू बस गं इथंच. मी जाऊन बघून येते आणि तुला सगळं सांगते." लहानपणी तापानं अंथरुणाला खिळलेल्या धाकटीच्या कानात ताईचा हा आवाज शिरला, तो कायमचा मुक्कामाला राहिला. ताई म्हणजे तिचे पाय, तिचे डोळे.

पुढं तोच दोघींचा धंदा झाला. ताई मुलुखभर फिरायची, मणी आणायची. धाकटी खिडकीपाशी बसून ताईची वाट माळेत ओवायची. नदी लागली की हिरवी काच, वाळवंट लागलं की हाडाचा पिवळट मणी. एका वाटेची एकच माळ, पुन्हा तशी होणे नाही. जातानाची बाजू ताई फोनवर सांगे. परतीची मात्र समोर बसून, चहाचे घोट घेत. तोवर अर्धी माळ खिळ्याला लोंबत असे.

या खेपेला ताई फार उशिरा आली. मधे फोनही लागेना. धाकटीचा जीव टांगणीला लागलेला. दारात तिला पाहताच धाकटी गळ्यात पडून रडली. परतीचं विचारलं, तर ताई म्हणाली, बोटीनं आले, नुसतं पाणीच पाणी. जातानाच्या अर्ध्यात समुद्राचा थेंब नव्हता. पण माणूस वाट बदलतो. धाकटीनं निळे मणी ओवले.

सकाळी ते निळे मणी ताटलीत सुटे पडले होते. दोऱ्यात हाडाचे मणी होते, तिच्या डब्यात नसलेले. बोटाला वाळू लागली.

धाकटीनं आपल्या नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "बरं झालं, फुकटचा कारागीर मिळाला. माझ्या शर्टाची बटणंही लावायला सांग त्याला."

ताई हसली नाही. तोडून टाक म्हणाली, आणि पुन्हा तेच म्हणाली. पण ताईची वाट धाकटीनं जन्मात कधी तोडली नव्हती.

सर वाढत गेला. वाळवंट सरलं, डोंगराचे काळे खडे आले, मग नदीची काच आली. ती ओली होती. जातानाचीच वाट उलटी चालत कुणीतरी येत होतं. धाकटीला कळत होतं, कळून घ्यायचं नव्हतं. ताई तर शेजारी होती, हाडामांसाची. भाजी निवडत होती, धाकटीची वेणी घालत होती. आणि खिळ्यावर ताई अजून वाटेतच होती.

मग ओळखीचे रंग आले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीचा लाल. शिंप्याच्या दुकानाच्या फळीचा उडालेला निळा.

भर दुपारी, डोळ्यांदेखत, दोऱ्यावर एक तपकिरी मणी सरकला. त्यांच्याच जिन्याच्या लाकडाचा रंग.

जिन्यात पाऊल वाजलं.

आणखी एक मणी. आणखी एक पाऊल.

धाकटीच्या हातातली सुई गळून पडली.

दारावरची बेल वाजली.

"ताई," धाकटीनं विचारलं, "कोण आहे गं बाहेर?"

शेजारी बसलेलीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. किती मायेनं फिरवला.

"ती पोचायची नाही, असं वाटलं होतं मला," ती म्हणाली. "जा, दार उघड. तुझी ताई आलीय."