खाऱ्या टाकीतला तपकिरी थर

"काका, हर्षलनं टाकीत बोअरचं पाणी ओतलंय. मला ते सिद्ध करून हवंय. झालं की आजच त्याला घराबाहेर काढते."

लीना फोनवर हे बोलली ते गॅस संपल्याचं सांगावं तसं. शामकांतांना तिच्या रागाची नाही, त्या थंडपणाचीच धास्ती वाटली. एकतीस वर्षं त्यांनी पाणी तपासण्याची नोकरी केलेली. निवृत्त झाले तरी संगमनेरात कुणाच्या पाण्यात जरा खुट्ट झालं, की यांना बोलावणं आलंच म्हणून समजा!

लीनाचा नवरा अनिमेष श्रावणात अपघातात गेला. मागे राहिली त्याची खाऱ्या पाण्याची टाकी. चार वर्षं पोटच्या पोरासारखी जपलेली. आत दोन केशरी मासे आणि त्यानं स्वतः लावलेलं एक प्रवाळ. दिवाळीनंतर वाळूवर, दगडांवर, प्रवाळावर तपकिरी शेवाळ चढलं ते हटायचं नाव घेईना. आता माघ लागला होता आणि प्रवाळ निम्मं मेलं होतं.

शामकांत पोचले तेव्हा लीना टाकीसमोर खुर्चीत बसली होती. हातातल्या चहावर साय धरली होती.

"पाणी कोण बदलतं?" शामकांतांनी विचारलं.

"हर्षल. दीर माझा, वर राहतो. दर रविवारी गुपचूप येऊन बदलून जातो."

"गुपचूप का?"

"बोलणं नाही आमचं. तेराव्याला म्हणाला, वहिनी, टाकी विकून टाक. तेव्हापासून."

"आणि काच कोण पुसतं?"

"कुणी नाही. पाणी बदलणं सोडून टाकीला हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलंय. मीही लावत नाही."

"का गं?"

"काय करायचंय लावून?"

शामकांत वाकले. सगळी काच तपकिरी; फक्त खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यांसमोर येईल तेवढा परातीएवढा भाग लख्ख. हर्षलनं भरून ठेवलेल्या आरओच्या पाण्यात त्यांनी, बोअरच्या पाण्यात असते ती सिलिका असली की निळं करणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. रंग आला नाही. टाकीसाठी मीठ कालवून ठेवलेल्या पाण्यात टाकले, तरी नाही. टाकीतलं पाणी मात्र गडद निळं झालं.

"बघा! टाकलंच त्यानं."

"कुणीतरी काहीतरी टाकलंय खरं. जरा दम धर."

हर्षलला खाली बोलावलं.

"बोअरचं पाणी टाकलंस?"

"माझ्या हातानं? काका, दादाची टाकी आहे ती!"

"मग विकायला का सांगितलंस?"

"वहिनी दिवसदिवस तिच्यासमोर बसून असते. बघवत नाही मला."

लीनानं मान वळवली नाही.

शामकांत स्वयंपाकघरात गेले. कामाला येणाऱ्या राहीबाई भांडी घासत होत्या. अकोले तालुक्यातल्या, पोरगा इथं कामाला म्हणून संगमनेरात राहिलेल्या.

"मावशी, भांडी काय चकाकतात हो! साबण कोणता?"

"साबन कशाला? भाताच्या तुसाची राख हाय. दिवाळीत कापनीला गावाकडं गेल्ते, तवा पोतं भरून आनली."

"हिनं काचही निघते?"

"लई झ्याक निघती की!" म्हणाल्या, आणि जीभ चावली.

शामकांतांनी सगळ्यांना टाकीपाशी बोलावलं.

"हे शेवाळ स्वतःचं कवच सिलिकाचं बनवतं. सिलिका म्हणजे काच ज्यापासून होते तेच. ती बोअरच्या पाण्यात असते, म्हणून लीनाचा संशय हर्षलवर. पण त्याच्या पाण्यात ती नाही. वाळूतून उतरायची तर चार वर्षांत केव्हाच उतरली असती. मग दिवाळीनंतर घरात नवं काय आलं? तुसाची राख! तिच्यात सिलिका ठासून भरलेली. श्रावणापासून काचेवर आतून साधा थर बसला असेल, तो काढायला राख लावली. राख पाण्यात उतरली, शेवाळाचं फावलं. शेवाळ वाढलं म्हणून आणखी राख. आणि लीना, वाईटावर असलेला माणूस काच घासत बसत नाही. घासलीय तीही नेमकी तुझ्या डोळ्यांसमोरची."

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"व्हय, म्याच केलं. तुमी आंगुळीला गेल्या की घासायची. साहेब गेल्यापास्नं तुमी तितंच बघत बसता. निदान मासं तरी दिसावं म्हनलं."

"मला सांगायचं ना, मावशी."

"रोज ईचारायची, जेवलात का. तुमाला आयकूच येत न्हवतं."

लीना टाकीकडे वळली.

"जाईल हे?"

"राख थांबली आणि पाणी असंच बदलत राहिलं, तर महिना-दीड महिन्यात थर जाईल. प्रवाळाचं मात्र सांगता येत नाही."

"मी उद्यापास्नं येत न्हाई," राहीबाई म्हणाल्या.

"यायचं, मावशी."

हर्षल जिन्याकडे वळला होता.

"हर्षल," लीनानं हाक मारली. "चुकले मी. निष्कारण तुझ्यावर आळ घेतला."

तो पायरीवरच बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. लीनाला रडू आलं नाही. ती जाऊन त्याच्याशेजारी बसली.