बत्तिसाव्या चित्रावरची सही

पहिल्या दिवशी मी त्याला चक्क हमाल समजले. जलरंगातल्या बत्तीस चित्रांचं फिरतं प्रदर्शन घेऊन ट्रक आला आणि मी संग्रहालयाच्या पायरीवरूनच फर्मान सोडलं, "पेट्या आत ठेवा, आणि आपटू नका." त्याने निमूटपणे सहा पेट्या वाहिल्या. मग घाम पुसत म्हणाला, "आता तपासणीला बसूया? चित्रांबरोबर आलेला माणूस मीच."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आमच्याकडे रीतच आहे. बाहेरून आलेलं चित्र दोघांनी मिळून तपासायचं, येताना आणि जातानाही. प्रत्येक डाग, प्रत्येक ओरखडा कागदावर उतरवायचा. दोन्ही सह्या झाल्याशिवाय पेटी बंद होत नाही. टॉर्च तिरका धरायचा आणि दोघांनी एकाच काचेवर वाकायचं... त्याच्या शर्टाला लाकडाच्या भुशाचा वास यायचा. मी दोनदा चुकीचा आकडा लिहिला.

दीड महिना प्रदर्शन चाललं. तो रोज दालनातला दमटपणा मोजायला यायचा. काम दोन मिनिटांचं, रेंगाळायचा तासभर. मीही कधी हाकललं नाही. पण बोलायचं म्हटलं की दोघांची दातखीळ.

आज शेवटचा दिवस. पुढच्या प्रदर्शनाची मातीची भांडी बाहेर येऊन थांबली होती आणि बारापर्यंत दालन रिकामं हवं म्हणून संचालकबाई सारख्या डोकावत होत्या. एकतीस चित्रं पेटीत गेली. शेवटच्या चित्राची सही झाली की ट्रक निघणार आणि त्याच्याबरोबर तोही. बोलल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असं मी घरून ठरवूनच निघाले होते. पण बोलायचं सोडून मी टॉर्च उचलला.

"हा डाग नवीन आहे."

"तुम्हीच लिहिलाय तो. डावा कोपरा, मुगाएवढा."

"मग हा ओरखडा?"

"तो तुमचा केस आहे. काचेवर पडलाय."

मी केस उचलला. कान तापले होते.

"तुम्हाला सही करायची नाहीये का?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"का?"

आता कच खाल्ली असती तर स्वतःला कधीच माफ केलं नसतं. "कारण सही केली की तुम्ही जाल. आणि मला तुम्ही आवडता. झालं, बोलले एकदाची."

तो हातमोजे काढत राहिला... एकेक बोट, सावकाश.

"जावं तर लागेल," तो म्हणाला. "अजून तीन गावं आहेत. पाच महिने."

"जा की. काम सोडा म्हणतंय कोण? पण पाच महिन्यांनी इथे यायचं, माझ्या बाबांना भेटायला. आणि तोवर दर रविवारी फोन."

"हे विचारताय की सांगताय?"

"सांगतेय."

तो हसला. अगदी डोळ्यांपर्यंत. "बरं झालं. आईला मी परवाच सांगून ठेवलंय."

"काय सांगितलंत?"

"मुलगी मनात भरलीये, पण फार कडक आहे. विचारायची छाती होत नाही."

मी सही ठोकली. तेवढ्यात संचालकबाई दारात आल्या. "झालं का तुमचं?"

"पाच मिनिटं, बाई," मी म्हटलं आणि त्याच्याकडे वळले. "लावा फोन आईंना. आत्ता. कडक कोण ते मीच सांगते त्यांना."

त्याने मुकाट्याने फोन लावला.