सायकलीवरचं पोलकं

बासष्ट सालच्या कार्तिकात यवतमाळहून आलेली लहान गाडी दारव्ह्याच्या फलाटाला लागली, तेव्हा हंसा डब्याच्या दारातच अडकून उभी होती. हातात गोणपाटानं बांधलेलं जड बोचकं. आधी उतरलेल्या एका तरुणानं ज्वारी असेल असं समजून हात पुढं केले, बोचकं घेतलं… आणि गुडघ्यात वाकला.

"काय भरून आनलं बाई यात?"

"शिवनाची मशीन हाय. हळू ठेवा, नवी हाय."

त्यानं ती झोपलेलं लेकरू ठेवावं तशी खाली ठेवली. हंसाला हसू आलं, पण तिनं मान वळवली. तो अमरसिंग. दिग्रसकडच्या बंजारा तांड्यातला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. यवतमाळहून रंगाचे डबे घेऊन आला होता. त्याची सायकल स्टेशनाबाहेरच होती. मशीन मागं बांधून तो ढकलत निघाला, ती एक पाऊल मागं. कापसाच्या बैलबंड्या सरकी काढायच्या जिनाकडं चालल्या होत्या, हवेत रुई उडत होती. त्याच्या केसांत एक पांढरा पुंजका अडकला. सांगावं की न सांगावं या विचारात हंसानं सगळी वाट संपवली… आणि सांगितलं नाहीच.

तीही तांड्यावरचीच. यवतमाळच्या शिवणवर्गात सहा महिने शिकली होती. वडिलांच्या, धरमसिंगच्या, ओळखीनं लीलाबाई नावाच्या विधवा बाईनं बाजारालगतची आपली ओसरी तिला बसायला दिली. धरमसिंगनं बजावलं होतं, होळीपर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर मशीन घेऊन तांड्यावर यायचं आणि पुसदकडचं आलेलं स्थळ बघायचं.

महिना गेला, कोणी फिरकलं नाही. बाजारातला शिंपी पुरुष. त्याच्यापुढं माप द्यायला बायका लाजत, म्हणून नवऱ्याच्या हाती जुनं पोलकं नमुन्याला पाठवत आणि मग दंडाला काचणारं नवं पोलकं वर्षभर घालत. पुढच्याच गल्लीत बाई शिवायला बसते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी अमरसिंग ओसरीसमोर थांबला. इथं मशीन आहे हे लोकांना कळतं कसं, असं त्यानं विचारलं.

"ज्याले मालूम हाय तो येते," हंसा म्हणाली.

"किती जनाले मालूम हाय?"

"तुमाले." ती थांबली. "एक झाला."

दुसऱ्या दिवशी तो पाटी घेऊन आला. त्यावर 'मुंबई रिटर्न' लिहू का, म्हणून विचारलं. मी मुंबई पाहिलेली नाही, हंसानं सांगितलं. पाटीला काय माहीत, तो हसला. त्यावर ती गंभीरपणे म्हणाली, "गिऱ्हाइकाले एकदा खोटं दिसलं, का दुसऱ्यांदा कोनी येत नाई." मग त्यानं एवढंच लिहिलं: हंसाबाई. माप बाईच घेते. अक्षरं अशी वळणदार की लीलाबाई शेजारणींना बोलावून दाखवू लागली.

तरी कोणी आलं नाही. आठ दिवसांनी ओसरीच्या पायरीवर बसून अमरसिंग पाटीवर नजर न थांबवता रस्त्यानं जाणाऱ्या बायका बघत होता, आणि त्याच्या एकदम लक्षात आलं. त्यांतल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. तो ओशाळला. मग म्हणाला, एक पोलकं शिवून द्या, तुमच्या हातचं सगळ्यात चांगलं.

हंसानं डाळिंबी खणाचं पोलकं शिवलं. ते सायकलीच्या हँडलला टांगून तो गावोगावच्या बाजारांत फिरू लागला. पुरुष चेष्टा करत, पेंटरची बायको पळाली काय म्हणून. बायका मात्र जवळ येत, शिवण उलटून बघत. तो सांगे, दारव्ह्याला लीलाबाईच्या ओसरीवर जा, तिथं माप बाईच घेते.

"माह्यं नाव घेत गावोगाव फिरून राह्यले तुमी," हंसा एकदा म्हणाली.

"घेऊ नोको?"

"घ्या…" ती मशीनच्या चाकाकडं बघत म्हणाली, "पन नीट घ्या."

सगळ्यांत आधी लाडखेडकडची भुरीबाई आली, दोन सुनांना घेऊन. धाकटीच्या कडेवर तान्हं होतं. हंसानं तिच्या पोलक्याला पुढून गुंड्या लावल्या, दोघींच्या शिवणीत दोन बोटं कापड जादा सोडलं, पुढं अंगानं भरल्या तर उसवून द्यायला. पुढच्या खेपेला तिनं बाळाची नावानं चौकशी केली. त्यानंतर भुरीबाई दर बाजारी कोणाला ना कोणाला घेऊनच येऊ लागली. होळीच्या आधी धरमसिंग आला, बायकांनी भरलेली ओसरी त्यानं निंबाखाली उभं राहून पाहिली, आणि पाणी पिऊन परत गेला. पुसदचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

चैत्रात अमरसिंगला नागपूरहून निरोप आला. सिनेमाची मोठी पोस्टरं रंगवायची होती, कायमचं काम होतं. तो ओसरीशी आला, बराच वेळ ब्रश पुसत उभा राहिला.

"तुमी बी चाला," तो म्हणाला. "तिथं… मोठ्ठी पाटी करून देतो."

तो काय विचारतोय ते हंसाला कळलं. पण समोर अर्धवट शिवलेली अकरा पोलकी होती, आणि ती कोणाकोणाची, हे तिला न बघता सांगता आलं असतं.

"माह्या बाया तिथं कशा येतीन?" ती हळूच म्हणाली. "तुमी जा. काम मोठं हाय."

तो गेला. ती सुईत दोरा ओवत राहिली, दोरा काही जाईना.

पावसाळा आला नि गेला. नव्या बायका येतच होत्या, कोणी बोरीच्या, कोणी नेरच्या. दारात प्रत्येकीचं पहिलं वाक्य एकच— "पेंटरनं सांगतलं होतं." दर वेळी हंसा टेप शोधायच्या निमित्तानं खाली वाकायची. भुरीबाईच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका बाजारी ओसरी बायकांनी गच्च भरलेली असताना बाहेर सायकल येऊन थांबली. अमरसिंग वाळला होता. काय शिवायचं आहे, भुरीबाईनंच विचारलं.

शिवायचं काही नाही, तो म्हणाला. नागपुरात तो वीस-वीस फुटांचे चेहरे रंगवायचा. आठवड्यानं ते पुसून दुसरे. कोणाचा हात आहे हे कोणी विचारायचं नाही, कोणी ओळखीचं परत यायचं नाही.

"मी इथंच राह्यलो तं… हंसाबाईले चालन का, एवढं इचाराले आलो."

मशीन थांबली.

"इतक्या बायांसमोर इचारून राह्यले?"

"तुमी एकट्या असत्या तं हिंमत झाली नसती."

हंसानं दातांनी दोरा तोडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आवाज मात्र स्थिर होता. "माह्या बाले इचारा. आन त्याले सांगा, हंसानं हो म्हटलं, मंग आलो."

फाल्गुनात तांड्यावर लग्न लागलं. दुपारपासून बंड्या भरभरून बायका येऊ लागल्या, दारव्ह्याच्या, लाडखेडच्या, बोरीच्या, नेरच्या. डाळिंबी, हिरवी, जांभळी, सगळी पोलकी हंसाच्या हातची. धरमसिंग गोंधळला. ही गिऱ्हाइकं कुठं बसवायची, त्यानं भुरीबाईला विचारलं.

"गिऱ्हाइकं कायची?" भुरीबाई चपला काढत म्हणाली. "आमी पोरीकडच्या हाओत." आणि सगळ्याजणींना घेऊन ती मांडवात नवरीच्या मागं जाऊन बसली.