वा वाटेतला

प्रितम मुलुंडच्या त्या सोसायटीत जपानी शिकायला आलाच नव्हता. तो नर्स होता; दवाखान्यातून घरी सोडलेल्या तिथल्या एका आजोबांना घेऊन ॲम्ब्युलन्समधून आला होता आणि गेटसमोर कुणीतरी स्कूटर आडवी लावली होती. शोधत शोधत तो सोसायटीच्या हॉलमध्ये शिरला.

"स्कूटर कोणाची?"

"माझी," फळ्यापाशी जपानी शिकवत उभी असलेली जान्हवी म्हणाली आणि खडू हातात घेऊनच खाली पळाली. ती परत येईपर्यंत प्रितम भिंतीवरचे तक्ते बघत राहिला. प्रत्येक जपानी अक्षर एका चित्रात लपवलेलं. 'कु'ला कोकिळेची उघडी चोच, 'शि'ला शिंगाळा मासा लागलेला गळ, 'कि'ला किल्ली.

"हे तर मलापण जमेल," तो म्हणाला. पुढच्या रविवारपासून येऊ लागला.

जमलंही. जपानच्या वृद्धाश्रमात नर्सिंगची नोकरी मिळत होती, फक्त भाषेची परीक्षा पास व्हायची होती. घरी मीराताई, त्याची आई, पोराच्या पासपोर्टला रोज हळद-कुंकू लावायच्या बाकी होत्या. आणि जान्हवीची पंचाईत अशी, की हा जितका छान शिकणार, तितका लवकर जाणार.

म्हणून मुळाक्षरांच्या शेवटच्या ओळीचा तक्ता तिने केलाच नाही.

"मॅडम, शेवटची ओळ?"

"मॅडम काय रे. चित्र सुचत नाहीये."

"सुचेल ना. घाई कुठे आहे."

घाई होती. परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपत आली होती. 'यावेळी राहू दे, ओळ अर्धवट आहे,' असं तो म्हणाला, तेव्हा तिला रात्रभर स्वतःची लाज वाटली. तरी तक्ता काही झाला नाही.

पुढच्या रविवारी नव्या बॅचसाठी तिने फळ्यावर एक वाक्य लिहिलं. प्रितम चपला काढता काढता ते घडाघडा वाचून गेला. पहिलंच अक्षर 'वा', शेवटच्या ओळीतलं.

जान्हवीने खडू खाली ठेवला.

"हे कुठे शिकलास?"

"युट्यूबवर… कधीच."

"आणि दर रविवारी चित्र मागत होतास ते?"

"तू देत नव्हतीस म्हणून. दिलं असतंस तर क्लास संपला असता ना."

"शहाणाच आहेस. फॉर्म भरला नाहीस तो यासाठी?"

"तू तक्ता केला नाहीस तो कशासाठी?"

खाली कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली.

"तू आवडतोस मला," ती शेवटी म्हणाली. "पण तुझी नोकरी अडवून नाही आवडायचास. आत्ता माझ्यासमोर फॉर्म भर."

त्याने मोबाइलवर फॉर्म भरला. तोवर तिने कोरा कागद घेतला. 'वा' काढला – बसस्टॉपचा खांब आणि त्याला टेकून उभी एक मुलगी.

"वा वाटेतला," ती म्हणाली. "हा भिंतीवर नाही लावायचा. तू घेऊन जा."

प्रितमने कागद बराच वेळ पाहिला.

"कोणाची वाट बघतेय ही? आणि कोण आहे ही? मुलुंडमध्ये अशा खूप असतील."

"ओळखता येत नाही?"

"तिच्या बाजूला स्कूटर काढ ना. म्हणजे तिकडे विसरणार नाही."

जान्हवीने स्कूटर काढली. गेटसमोर, आडवी.