सहावं खोकं

स्वतःच्या हाताने संगणक जोडणाऱ्या माणसांबद्दल खॉ सेंग हुईचं मत ठरलेलं होतं. तासाभराचा व्हिडिओ बघायचा, सुटे भाग मागवायचे, जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायचा आणि काही चालेना की तोंड पाडून त्याच्या दुकानात यायचं. जॉर्जटाउनच्या त्या जुन्या कॉम्प्लेक्समध्ये तिसऱ्या मजल्यावर अठरा वर्षं बसून त्याने असे शेकड्याने बघितले होते. कुणी वायर उलटी लावलेली, कुणी पिना वाकवलेल्या. एका शहाण्याने तर पंख्याखालचं प्लास्टिकच काढलं नव्हतं. तो मशीन दुरुस्त करून द्यायचा, पण त्याआधी चार माणसांत त्यांची अक्कल काढायचा. लोक तरीही यायचे, कारण त्याच्या टेबलावरून बंद मशीन कधी परत गेलं नव्हतं.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास सिओक लान आली. बासष्ट वर्षांची, शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेली बाई. भाजी आणायची चाकांची पिशवी ओढत आली होती आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला संगणक होता.

"कुणी जोडलाय हा?" सेंग हुईने टॉवेल दोन बोटांनी बाजूला केला.

"मीच."

"तुम्ही?" शेजारच्या मोबाइलवाल्याला ऐकू जाईल असा तो हसला. "आंटी, हे काय शिवणाचं मशीन वाटलं का?"

"माझ्या मुलाने, बून कियातने, सगळं लिहून ठेवलं होतं. कुठली वायर कुठे, कुठला स्क्रू किती पिळायचा. भाग त्यानेच मागवलेले. ते घरी पोचले तेव्हा तो गेलेला होता." पुलावरचा मोटारसायकलचा अपघात तिने एका वाक्यात सांगून टाकला. "त्याला जाऊन शंभरावा दिवस पुढच्या सोमवारी आहे. त्याच्या आधी एकदा चालू करून दे, आ हुई. रोज स्वप्नात येतो. बटण दाबतो आणि माझ्याकडे बघत बसतो. एवढं झालं की मला दुसरं काही नको."

स्वप्नं सांगणाऱ्यांबद्दलचं सेंग हुईचं मत तर याहून वाईट होतं. "उद्या येऊन घेऊन जा," तो म्हणाला.

बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच राहिला. चूक काढून हसायचं म्हणून त्याने कॅबिनेट उघडलं. चूक सापडेना. प्रत्येक स्क्रू जागेवर होता आणि वायरी शिवणाच्या दोऱ्याने इतक्या नीट बांधल्या होत्या, की त्याच्याच्याने झाल्या नसत्या. हे त्याला चांगलंच झोंबलं.

त्याने रॅम काढून पुसून परत बसवली. बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढून दहा मिनिटं थांबला. मग सगळे भाग कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर मांडून जोडले. पडदा काळाच. शेवटी तिची रॅम त्याने स्वतःच्या तपासणीच्या मशीनमध्ये घातली. दिवसातून वीस वेळा चालू होणारं ते मशीन मुकाट बसलं. रॅम काढली, लगेच चालू झालं. ग्राफिक्स कार्ड घातलं, डिस्क घातली, प्रोसेसर घातला. प्रत्येक वेळी तेच. मदरबोर्डाला स्वतःचे चांगले भाग लावून पाहिले, तरी तेच. सहा भागांतला पॉवर सप्लाय तेवढा धड होता.

"पाच दुकानांतून पाच भाग घेतले आणि पाचही फुटके," तो मोबाइलवाल्याला म्हणाला. "यालाही नशीब लागतं."

एक गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नाही. अर्धा तास वीज चालू ठेवूनही प्रोसेसर गार होता. बिघडलेला प्रोसेसरसुद्धा थोडाफार तापतो. हा माठाच्या बुडासारखा गार आणि दमट लागत होता आणि बोटाला उदबत्तीच्या राखेचा वास येत होता. ठेवला असेल म्हातारीने देव्हाऱ्याशेजारी, असं म्हणून त्याने हात धुतले.

बुधवारी ती आली तेव्हा तो म्हणाला, "भाग बदलून मिळतील. फक्त खोकी आणा. खोक्यावरचा नंबर दाखवल्याशिवाय कंपनीवाले हात लावत नाहीत."

"खोकी नाहीत. तेइकला दिली."

तेइक म्हणजे कार्नार्व्हन स्ट्रीटवरचा कागदी वस्तू करणारा. मेलेल्यांसाठी कागदाची घरं, गाड्या, कपडे करायचे; वर नाव घालून जाळलं की ज्याचं त्याला पोचतं.

"एकोणपन्नासाव्या दिवशी त्याला त्याचा संगणक द्यायचा होता," सिओक लान म्हणाली. "तेइक म्हणाला, खरी खोकीच आण, हुबेहूब करतो. नंबरांच्या चिठ्ठ्यांसकट चिकटवली त्याने. वर बून कियातचं नाव घातलं, दुसऱ्या कुणी हिसकावू नये म्हणून. मग जाळला."

"वॉरंटी जाळलीत, आंटी!" सेंग हुईला हसू आवरेना. "मुलाला वॉरंटी पाठवलीत आणि भंगार इथे ठेवलंत."

"तुला हसायला काय जातं," ती म्हणाली.

चिठ्ठीचा एखादा तुकडा तरी उरला असेल म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो तेइककडे गेला. सत्तरीचा तेइक बनियनवर बसून बांबूच्या कामट्या तासत होता.

"चिठ्ठ्या गेल्या," तो मान वर न करता म्हणाला. "तुझं काय अडलंय?"

"पाच भाग चालत नाहीत."

"कसे चालतील? ते ज्याचे त्याला पोचले."

"तुमचा धंदा बरा आहे, काका. गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही."

"चाळीस वर्षांत एकही आलं नाही. तुझ्याकडे मात्र रोज रांग असते म्हणे." मग त्याची सुरी थांबली. "पाच म्हणालास? मग एक चालतंय?"

"पॉवर सप्लाय. वीज देणारा डबा."

"त्याचं खोकं दिलंच नाही तिने. दोनदा मागितलं मी. जाड पुठ्ठ्याचं आहे, गुडघ्याची औषधं ठेवते म्हणाली." तेइकने कामटी बाजूला ठेवली. "म्हणजे तिकडेही अडलंय."

सेंग हुईने तो किस्सा दुपारभर पुरवला. मोबाइलवाल्याला सांगितला, कॉफीवाल्याला सांगितला. गुरुवारी सिओक लान आली तेव्हा तिलाही सांगितला, तेइकचा आवाज काढून. ती हसली नाही.

"ते खोकं जाळलं, तर इकडचा कधीच चालू होणार नाही?"

"इकडचा आता तरी कुठे चालतोय? जाळा की. औषधं तेवढी काढून घ्या."

 जाताना तिने संगणकावरची धूळ बाहीने पुसली.

शुक्रवारी दुपारी सेंग हुई टेबलावर नूडल्स खात होता. शेजारी तो संगणक चालू ठेवला होता. पडदा काळा आणि पंख्याची घरघर सुरू.

एक वाजून दहा मिनिटांनी पंखा थांबला.

त्याने प्लग काढला, पॉवर सप्लाय सोडवून तपासला. मेला होता. सकाळी चांगला चालत होता. योगायोग, असं तो मोठ्याने म्हणाला आणि उरलेले भाग काढायला आत हात घातला.

बोटाला चटका बसला.

तेवढ्यात फोन वाजला. सिओक लान होती. "आत्ताच देवळाच्या भट्टीत टाकलं. झाला का रे चालू?"

"बंद पडलाय," सेंग हुईने बोटावर फुंकर घातली. "पण तापलाय."

"मग झाला," ती म्हणाली आणि फोनवर रडायला लागली.

मशीन तिने नेलं नाही. ते आपलं राहिलं नाही, म्हणाली. प्लग नसलेलं, आत वीज देणारा डबा नसलेलं ते कॅबिनेट सोमवारी शंभराव्या दिवशी गरम होतं आणि त्यानंतरही तेरा दिवस गरमच राहिलं. सेंग हुईने ते मागच्या कपाटात ढकललं. कारण कधीतरी निवांत शोधू, असं त्याने ठरवलं. हा किस्सा मात्र त्याने मोबाइलवाल्याला सांगितला नाही.

मग एका रविवारी ते गार पडलं. त्याला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी त्याने कुणाचीही अक्कल काढली नाही.

बुधवारी सिओक लान आली. या खेपेला पिशवी नव्हती.

"रविवारपासून पुन्हा स्वप्नात येतोय, अडलाय," ती म्हणाली. "आतलं काहीतरी आहे. बून कियातला जोडता येतं रे, दुरुस्त नाही करता येत. तू तर सगळा उघडून पाहिलायस. दुसऱ्या कुणाला कळणार?"

"मी कुणाच्या घरी जाऊन दुरुस्ती करत नाही, आंटी." तो म्हणाला.

"तुला कशाला त्रास? तेइक करतोय व्यवस्था."

अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने भर दुपारी शटर ओढलं. तो घाबरला होता, आणि घाबरलो याचाच त्याला संताप आला होता.

तेइकच्या फळीवर गुडघ्याएवढा कागदी माणूस उभा होता. चौकटीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा, उजव्या हातात चंदेरी कागदाचा स्क्रूड्रायव्हर. छातीवर नावाची पट्टी होती. ती कोरी होती.

"घरगडी, ड्रायव्हर नेहमी करतो," तेइक म्हणाला. "मिस्त्री पहिल्यांदाच. नाव हवं त्याला, नाहीतर तिकडे हाक मारली तर ओ कोण देणार?"

"माझं नाव घालायचं नाही."

"नाही घालत. दुसरं काही घालू. मिस्त्री तो मिस्त्री."

सेंग हुईला हायसं वाटलं. जुना सूर परत आला. "कधी केलात? नाक तरी नीट करायचं होतं, काका."

"सोमवारी केला. कालच खळ सुकली."

तो नाक बघायला वाकला. बाहुल्याच्या डाव्या अंगठ्याभोवती तपकिरी कागदाची बारीक पट्टी गुंडाळलेली होती.

"हे काय?"

तेइकने जवळ येऊन पाहिलं. "बांबूचं टोक तिथून बाहेर येत होतं. काही केल्या ऐकेना, म्हणून गुंडाळलं."

सेंग हुईने डावा हात खिशात घातला. पत्र्याची धार त्याच्या अंगठ्याला त्या दिवशी सकाळी दहा वाजता लागली होती. त्यावरची पट्टी अजून ओली होती.