फोटोतला टेंपो

मेहमुदानं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते गाडीच्या आरशात.

शिवाजी पेठेतून बाहेर पडून तिचा तीनचाकी टेंपो चौकात थांबला होता. पुढं उसाच्या गाड्यांची रांग, मागं कापडाचे तागे... आणि आरशात एक उंच, सडपातळ तरुण. रसाच्या गुऱ्हाळाआड उभा. डोळ्याला कॅमेरा, आणि त्याचा रोख सरळ तिच्याकडं. तिनं वळून पाहिलं, तसा त्यानं कॅमेरा खाली घेतला. पण नजर मात्र नको तितका वेळ तिथंच ठेवली.

ब्याऐंशी सालची गोष्ट. टेंपो चालवणारी पोरगी बघायला माणसं वळायची, त्याची तिला सवय होती. वडिलांना, लालासाबना, मोतीबिंदूनं दिसेनासं झालं, तेव्हापासून इचलकरंजीला कापडाची ने-आण करायचं काम तीच करत होती. वडिलांनी एकच अट घातली होती. ज्या दिवशी पोलिसांचा कागद घरात येईल, त्या दिवशी गाडी बंद.

बघणं ठीक, पण फोटो कशाला? मागच्याच महिन्यात जयसिंगपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगी खरंच गाडी चालवते का, अशी त्यांना शंका होती. त्यांनीच तर हा माणूस पाळतीवर ठेवला नसेल?

दुसऱ्या दिवशीही तो तिथंच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिनं गाडी कडेला घेतली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं नाव सांगितलं, रफिक. पापाच्या तिकटीच्या चौकाजवळ त्याचा छोटा फोटो स्टुडिओ होता. पलीकडची गल्ली नुकतीच एकेरी झाली होती. तिच्यात उलट्या बाजूनं शिरणाऱ्या गाड्यांचे फोटो काढायला वाहतूक पोलिसांच्या हंबीरराव साहेबांनी त्याला दोन महिने नेमलं होतं. फोटोतल्या नंबरावरून मालक शोधायचा आणि टपालानं नोटीस धाडायची. तोवर गाडीवाल्याला काही पत्ता नसतो, असं तो म्हणाला.

"मी तर गल्लीत शिरलेच न्हाय. मग माझा फोटो कशाला काढला?"

"काढला न्हाय," तो म्हणाला. "नुसतं बघत होतो. भिंगातून... जवळ दिसतंय न्हवं."

ती वळली आणि गाडी सुरू करून निघाली. हातकणंगल्याच्या पुढं गेल्यावर तिला एकदा हसू आलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

पुढच्या आठवड्यात ती गाडीची दोरी आवळत असताना तो आपण होऊन आला. चेहरा उतरलेला. मंगळवारच्या रोलमध्ये तिची गाडी निघाली होती, उलट्या बाजूनं जाताना. नोटीस येणार होती. ती एकदम हाती पडू नये, म्हणून तो आधी सांगायला आला होता.

"सगळ्या गाडीवाल्यांना असं घरपोच सांगत फिरता?"

"न्हाय... तुम्हालाच."

"ओळख वाढवायची ही तऱ्हा नवीच हाय, पावणं."

तो खाली मान घालून गेला. मेहमुदानं ती थाप समजून सोडून दिली. पण सहा दिवसांनी पोस्टमननं खाकी पाकीट आणून दिलं. वडिलांना वाचता येत नव्हतं. तिला ते लपवता आलं असतं, पण तिनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. लालासाब रागावले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढं केला, आणि तिनं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

मग तिचं लक्ष नोटिशीतल्या वेळेकडं गेलं. मंगळवार, सकाळी अकरा. त्या मंगळवारी इचलकरंजीत वीज गेली होती. माग बंद पडले होते आणि ती मालाची वाट बघत दुपारपर्यंत कारखान्याच्या दारात बसून होती.

म्हणजे हे सगळं रचलेलं. आधी टक लावून बघायचं, मग कळवळा दाखवायचा, मग कागद धाडायचा... म्हणजे पोरगी विनवण्या करत दाराशी येईल.

ती गेली, पण विनवण्या करायला नाही. स्टुडिओच्या काउंटरवर तिनं नोटीस आपटली आणि मंगळवारची सगळी हकिगत सांगितली. रफिकनं वाद घातला नाही. निगेटिव्ह शोधली आणि डार्करूममध्ये गेला. बराच वेळ ती बाहेर त्या लाल पडद्याकडं संशयानं बघत बसली. तो ओला, मोठा फोटो घेऊन आला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

पाठमोरा टेंपो, चिखलानं माखलेली नंबरपाटी. तिच्या गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा इंग्रजी आठ. फोटोत मोठा केल्यावर स्पष्ट दिसत होता तीन. आठाची डावी बाजू म्हणजे नुसता चिखल.

"चला, साहेबांना दाखवू," तो म्हणाला.

वाटेत दोघांत पाच हातांचं अंतर होतं. हा तिथं गेल्यावर शब्द फिरवणार, चूक कारकुनावर ढकलणार, असंच तिला वाटत होतं. पण हंबीरराव साहेबांसमोर रफिकनं फोटो ठेवला आणि सांगितलं, की फोटोच्या पाठीमागं नंबर मीच लिहिला, चूक माझी. साहेबांनी भिंग घेऊन दोनदा पाहिलं. नोटीस रद्द केल्याचं तिला लिहून दिलं. रफिकला म्हणाले, उद्यापासून यायची गरज नाही.

बाहेर पायरीवर ती थांबली.

"एवढे नंबर वाचता," ती म्हणाली. "मग तीनचा आठ कसा केला?"

त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा उगाच सारखा केला.

"रोज तुमच्याच गाडीची वाट बघत होतो. तो नंबर डोळ्यात बसला होता... पहिले तीन आकडे जुळले, आणि पुढचं मी बघितलंच न्हाय."

"हे तरी खरं कशावरनं?"

"उद्या माझी आई तुमच्या घरी येईल. तिलाच विचारा. महिनाभर दुसरं काही ऐकलं न्हाय तिनं माझ्या तोंडून."

मेहमुदा त्याच्याकडं बघत राहिली. नको तितका वेळ. मग पदर सारखा करून पायरी उतरली.

"आईंना म्हणावं, नऊच्या आत या," मागं न बघता ती म्हणाली. "नंतर मी इचलकरंजीला असते."